श्वास न मोजता लिहिलेला आकडा

विद्यार्थ्यांच्या लबाडीवरचा लेख वाचला. त्यात परीक्षेतली कॉपी आणि नेटवरून उचललेल्या असाइनमेंट यांवरच भर आहे. ते योग्यच, पण नर्सिंगमध्ये त्याहून घातक लबाडी वॉर्डात चालते, तीही अगदी सहज. श्वासाचा दर पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, छातीवर नजर ठेवून, पेशंटच्या लक्षात येऊ न देता. आणि चार्टवर बघावं तर ओळीने २०, २०, २०! खाटेजवळ न जाताच भरलेले. प्रौढांत १२ ते २० नॉर्मल, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण पेशंट बिघडू लागला की बीपी पडायच्या आधी बऱ्याचदा श्वासच वाढतो. तो २६ वर गेलेला असताना कागदावर २० असेल, तर डॉक्टरांना बोलावणार कोण?

मुलांनो, राहून गेलं तर सरळ 'घेतलं नाही' असं लिहा. ओरडा बसेल, बसू द्या.

आणि शिक्षकांनीही महिनाअखेरीस लॉगबुकवर, म्हणजे मुलांनी केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर, गठ्ठ्याने सह्या करणं थांबवावं. न केलेल्या कॅथेटरायझेशनवर (लघवीसाठी नळी घालण्यावर) सही मिळत असेल तर मुलं दुसरं काय शिकणार? प्रोसिजर झाली की तिथेच, खाटेशी उभं राहून सही व्हायला हवी.