क्लॅटमध्ये गुण कमी पडले, आता अर्ज कुठे करायचा?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे क्लॅटमध्ये, रँक मागे पडला म्हणून कर्ज काढून कुठल्यातरी दूरच्या खासगी लॉ कॉलेजात मुलांना धाडू नका. मी गोव्यात म्हापशाला वकिली करते. निकाल लागला की ओळखीपाळखीतून पालकांचे फोन येतात आणि मी प्रत्येकाला हेच सांगते. काहीजण नाराज होतात, तरी सांगते.

ती परीक्षा काय मोजते ते आधी बघा. दोन तासांत १२० प्रश्न, सगळे इंग्रजी उताऱ्यांवर, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुलगी इथे मागे पडते ती बहुधा वाचनाच्या वेगात. तिला कायदा झेपणार नाही, असं त्यावरून कुणी ठरवलं? त्यात अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी जागा राखीव असतात. तेवढ्याच गुणांवर तिथलं मूल आत जातं, आपलं मूल अखिल भारतीय यादीत खाली राहतं. आणि घरी येऊन सगळा दोष स्वतःकडे घेतं, हे मला फार सलतं.

वकिली गोव्यातच करायची असेल, तर मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे ही दोन कॉलेजं यादीत सगळ्यात वर लिहा. 'कुठेच नाही मिळालं तर' म्हणून तळाला नकोत. इथला कायदाच वेगळा आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंबकायदा इथे आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी होतात, म्हणून घर विकताना दोघांच्या सह्या लागतात. वारसांमधल्या वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी नावाची वेगळी प्रक्रिया चालते. शिवाय मामलेदाराकडे चालणारे १९७५च्या कायद्याखालचे मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्यांचे) दावे, कुळांचे खटले, कोमुनिदादीच्या म्हणजे गावच्या सामायिक संस्थेच्या जमिनी. आमच्याकडे येणारी कितीतरी माणसं असलेच कागद घेऊन येतात. बाहेरून शिकून आलेल्या हुशार मुलांनाही हे इथे पहिल्यापासून शिकावं लागतं.

मुंबई-दिल्लीच्या बड्या कॉर्पोरेट फर्ममध्येच जायचं असेल तर मात्र माझा सल्ला वेगळा. त्या फर्म वरच्या विधी विद्यापीठांत जाऊन मुलं निवडतात. तेव्हा थोडक्यात हुकलं असेल तर वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्या. किंवा इथेच बीए-बीकॉम करा आणि मग तीन वर्षांच्या एलएलबीसाठी मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस बघा. त्यासाठी महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, एमएच-सीईटी, वेगळी द्यावी लागते. तिथे गुण वजा होत नाहीत, पण बहुतेक जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, हे धरून चला.

पदवीनंतर इथे वकिली करायची तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची, आणि ऑल इंडिया बार परीक्षाही सगळ्यांना तीच, कॉलेज कुठलंही असो. तिथे क्लॅटचा रँक कुणी विचारत नाही. खासगी कॉलेजात जायचंच असेल तर इमारत बघून भुलू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, मुलांना कोर्टात कधी नेतात, पाच वर्षांची एकूण फी किती, हे लेखी मागा.

आणि अर्ज भरण्याआधी मुलांना एक सकाळ कोर्टात बसवा. सुनावणी सहसा सर्वांना खुली असते. म्हापशाला आलात तर मला मेसेज करा, कुठल्या कोर्टात बसायचं ते मी दाखवीन.