मामा, तो पॉइंटर आधी खाली ठेवा

मिरजेच्या मामांचा काल फोन. "देवघरातला स्फटिक लेसरला चालेल का रे?" म्हटलं, झालं, तो मेसेज यांच्यापर्यंतही पोचला. मेसेज असा: पूर्वजांना ठाऊक होतं तेच करून परदेशी शास्त्रज्ञांनी लेसर स्फटिकातून नेऊन त्याची ताकद कोटी पट केली, आता वीज फुकट, आणि साधा लेसर पॉइंटर स्फटिकातून पाच सेकंद डोळ्यात सोडला की मोतीबिंदू विरघळतो.

शेवटचंच आधी घेतो, कारण मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि नातवानं जत्रेतून आणलेला पॉइंटर घरात. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंगच गढूळ होणं. ते विरघळत नाही. काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. काही ऑपरेशनांत फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहालाखावा भाग) लेसर वापरतात, खरं आहे. पण तो छेद द्यायला नि भिंगाचे तुकडे करायला, पुढचं काम सर्जनचंच. पॉइंटरचा किरण स्फटिकात जसा शिरतो तसाच बाहेर येतो, आणि डोळा त्याला आतल्या पडद्यावर एका टिंबात गोळा करतो. तिथं भाजलं तर ती नजर परत येत नाही. मोतीबिंदूची सगळी सोय मिरजेतच असताना हा उद्योग कशाला?

आता मेसेजमधला लेसर. तीव्र लेसर काचेतून नेला की नवे रंग निघतात, एवढं नाइलाजानं मान्य. अल्फानो आणि शपिरो या शास्त्रज्ञांनी 1970 मध्येच ते दाखवलं. प्रकाश प्रचंड तीव्र असला की काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते त्याचं माप) त्या क्षणापुरता वाढतो. पल्सच्या, म्हणजे लेसरच्या क्षणिक झोताच्या, पुढच्या कडेला तांबडे रंग वाढतात, मागच्या कडेला निळे. खास आरशांनी ते सगळे रंग एका वेळी आणले की पल्स आणखी आखूड होते. जाड काचेत झोत स्वतःच एकवटून काच फोडतो, म्हणून तैवानच्या गटानं 2014 मध्ये 0.1 मिलिमीटरच्या चार पातळ चकत्या अंतर ठेवून लावल्या. त्या फ्यूज्ड सिलिकाच्या, म्हणजे चक्क काचेच्या. स्फटिक नव्हेच!

फुकट विजेचं उत्तर तैवानच्या त्याच गटाच्या शोधनिबंधात आहे: दर पल्समागे आत 140 मायक्रोज्यूल (ज्यूलचा दहालाखावा भाग) ऊर्जा, बाहेर 76. जवळपास निम्मी ऊर्जा वाटेतच गेली. 140 मायक्रोज्यूल 25 फेम्टोसेकंदांत कोंबले की क्षणभराची ताकद साडेपाच अब्ज वॅट भरते, पण सेकंदाला हजार पल्स धरल्या तरी सरासरी 0.14 वॅट. झिरोचा बल्बसुद्धा लागणार नाही. 5 मिलिवॅटचा पॉइंटर त्या क्षणाच्या एक लाख कोटी पट खाली.

पूर्वजांना हे ठाऊक होतं म्हणे. असेल बुवा.

पॉइंटर मी घेऊन आलोय, सेल काढून. मामा रुसलेत. सोमवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय.