सुपरकार काढताय? आधी दरवाजाचं रबर बघा

तर तुमचं ठरलंय. भिवंडीतली दोन गोदामं चांगल्या भाड्याने गेलीत, चाळीतल्या खोलीच्या जागी टॉवरात फ्लॅट आलाय आणि बँकेत नुसते पडून असलेले पैसे तुम्हाला रात्री झोपू देत नाहीत. उत्तम. पैसा वेगाने हलवायला सुपरकार काढण्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर निदान कधीतरी आपला घोडा येतो.

सगळ्यात आधी किती गाड्या काढणार, तो आकडा ठरवा. इंजिन, आकार, रंग हे सगळं मागाहून. फेरारीने एफ५० काढली ती ३४९, म्हणजे मागणीपेक्षा एक कमी, असं सांगून. लेक्सस एलएफए ५००. आपल्या महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफारिनाने बतिस्ताचा आकडा १५० ठरवला. तुम्ही २५ म्हणा. सव्विसावं गिऱ्हाईक मिळणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण जाहिरातीत त्याला ‘दुर्मीळ’ म्हणतात.

इथे एखादा शहाणा मित्र बॉम्बे हाऊसचं उदाहरण देईल. टाटांच्या जॅग्वारने सी-एक्स७५ फॉर्म्युला वनवाल्या विल्यम्सच्या मदतीने २५० काढायचं ठरवलं होतं. चालत्या नमुना गाड्या झाल्या आणि डिसेंबर २०१२मध्ये प्रकल्प गुंडाळला. मग २०१७ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटांनी रेसमो दाखवली. दोन सीट, मागे १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० पीएस ताकद. तीही रस्त्यावर आली नाही. मिठापासून पोलादापर्यंत सगळं घरचं असलेल्यांनी दोनदा हिशेब केला आणि दोन्ही वेळा पेन खाली ठेवलं. तुमच्याकडे वसईला गाळा आहे. तुम्ही थांबू नका.

हिशेब फार अवघड नाही. समजा, गाडी तयार करायला १५० कोटी लागले. साचे, चाचण्या, सॉफ्टवेअर यांना तुम्ही किती गाड्या काढणार याच्याशी देणंघेणं नसतं. गाड्या पाच हजार असत्या तर गाडीमागे ३ लाख पडले असते. पंचवीस आहेत, म्हणून ६ कोटी. यात अजून एकही नटबोल्ट आलेला नाही. वर ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २ कोटी ४० लाख. सरकार तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात निवांत भागीदार आहे: भांडवल शून्य, जोखीम शून्य. बुगाटी वेरॉनच्या ४५० गाड्यांत प्रत्येकीमागे ४० लाख युरोंहून जास्त तोटा झाला, असा विश्लेषकांचा अंदाज होता. बुगाटीची तेव्हाची मालक फोक्सवॅगन. तिला तो जाहिरातीत खपवता आला, कारण शोरूममध्ये गोल्फसारखी रोजची गाडी विकायला होती. तुमच्या शोरूममध्ये विकायला काय आहे, ते एकदा बघून घ्या.

इंजिन स्वतः बनवू नका, एवढा एक सल्ला मात्र मनापासून. मॅक्लारेन एफ१ला बीएमडब्ल्यूचं होतं, पगानीला मर्सिडीज-एएमजीचं, आपल्याकडच्या डीसी अवंतीला रेनॉचं २ लिटर टर्बो. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स अख्खं उचलायचं आणि सीटच्या मागे बसवायचं. सोपं वाटतं. मग किल्ली फिरवा. इंजिनाचा कॉम्प्युटर आपल्या जुन्या गाडीला हाका मारत बसतो. चोरी रोखणारा इमोबिलायझर कुठेय? एबीएसकडून चाकांचा वेग का येत नाही? उत्तर नाही मिळालं की एक तर इंजिन सुरूच होत नाही, नाहीतर अर्ध्या ताकदीवर रुसून चालतं. हे सोडवायला मूळ पुरवठादाराचा इंजिनिअर लागतो, आणि २५ गाड्यांच्या ऑर्डरवर त्याचा सेल्समन तुमचा फोनही उचलत नाही. शिवाय रेडिएटर पुढे, इंजिन मागे. मधल्या लांबलचक पाइपांत हवेचा एक बुडबुडा अडकला की साकीनाक्याच्या सिग्नलला काटा लाल रेघेवर. पाइपाच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायची तोटी ठेवा. बहुतेक जण ती इंजिन एकदा उकळल्यावर ठेवतात.

बॉडीसाठी कार्बन हवाच, नाहीतर ब्रोशरमध्ये लिहायचं काय? रेझिन लावलेलं कार्बनचं कापड उणे १८ अंशांवर साठवावं लागतं, म्हणजे वसईच्या गाळ्याला जनरेटर आला. रोल फ्रीझरमधून काढलात की पिशवी फोडायची नाही. तो आतून पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, मोठ्या रोलला रात्रभरही. जुलैत घाई करून पिशवी फोडलीत तर थंडगार ताकाच्या ग्लासावर येतं तसं दव कापडावर येतं. तेच पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, वाफ होऊन थरांमध्ये पोकळ्या करून ठेवतं. वरून काही दिसत नाही. नाण्याने टकटक केल्यावर एका जागी आवाज बद्द येतो, तेव्हा कळतं की भाग भंगारात गेला.

परवडत नसेल तर फायबर करा. मूर्ती आणि सिनेमाचे सेट करणाऱ्या या शहरात फायबरचे कारागीर चांगले आहेत. पण पावसाळी दमटपणात जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, नीट वाळत नाही आणि साच्यातून पॅनल घाईने काढलं तर ते पुढे आवळत राहतं. चकचकीत काळी गाडी मे महिन्यात वरळी सी फेसवर अर्धा तास उभी करा. रंगाखालून फायबरच्या मॅटचा एकेक धागा वर येतो, जणू गाडीला गोवर उठलाय.

आता हत्ती गेला, शेपूट राहिलं. शेपूट म्हणजे दरवाजाचं रबर.

कारखान्यातल्या पत्र्याच्या दरवाजाभोवतीची फट सगळीकडे जवळजवळ सारखी असते. हाताने केलेल्या फायबरमध्ये ती वर ४ मिलिमीटर, खाली ८. रबर मध्ये दबून जेवढं सांभाळून घेतं, त्याच्या हे बाहेर जातं. वर घट्ट, म्हणून दरवाजा आपटून लावावा लागतो. खाली सैल, म्हणून पाणी आत. रबराच्या पट्टीची डाय, म्हणजे तिला आकार देणारा साचा, फार महाग नसते. महाग असते ती कमीत कमी ऑर्डर. एका दरवाजाला ४ मीटर धरा, २५ गाड्यांचे ५० दरवाजे, म्हणजे २०० मीटर. समोरचा म्हणतो, ५,००० मीटरच्या खाली मशीन लावत नाही. शिवाय कोपऱ्यांना पट्टी वळत नाही, तिथे वेगळा साचा करून जोड द्यावा लागतो. तो वाचवायला तुम्ही पट्टी ४५ अंशांत कापून सोल्यूशनने चिकटवाल. पाऊस पहिल्या दिवशी नेमका त्याच जोडातून येईल, ग्राहकाच्या डाव्या मांडीवर. उरलेलं ४,८०० मीटर रबर गाळ्यात ठेवा. नातवंडांना दोऱ्या म्हणून उपयोगी पडेल.

दिव्यांची लाज वाटून घेऊ नका. मॅक्लारेन एफ१चे मागचे दिवे बसचे होते, जॅग्वार एक्सजे२२०चे रोव्हरच्या साध्या गाडीचे आणि लॅम्बोर्गिनीच्या शेवटच्या डियाब्लोचे पुढचे निसानचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांच्या बाजारात जा, हवे ते उचला. फक्त पन्नास जोड्या एकदम घ्या, कारण ज्या गाडीचे दिवे तुम्ही लावाल, तिचं मॉडेल पुढच्याच वर्षी बदलतं.

मग टाइप अप्रूव्हलसाठी, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायच्या मंजुरीसाठी, पुण्याला एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे. समोरून ५६च्या वेगाने, गाडीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर येईल अशी आपटायची. बाजूने ५०च्या वेगाने ट्रॉली येऊन आदळते. पंचवीसच गाड्या आहेत म्हणून ट्रॉली हळू येत नाही. स्वीडनचे कोनिगसेगवाले हुशार: कार्बनचा टब, म्हणजे माणसं बसतात तो मधला सांगाडा, शाबूत ठेवून पुढचे चिरडणारे भाग बदलायचे आणि तोच टब पुन्हा आपटायचा. तुमच्या टबात ती बद्द आवाजाची जागा असेल, तर असला मोह टाळा.

टॉप स्पीड सिद्ध करायला इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथून आल्यावर मालक गाडी कोस्टल रोडवर चालवेल, जिथे मर्यादा ८०. अटल सेतूवर १००. तेही सोसायटीच्या गेटमधल्या रबरी ब्रेकरवरून नाक उतरलं तर. नाक उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा ऑप्शन म्हणून विका, नफा झालाच तर तिथेच होईल.

एवढे पैसे आणायचे कुठून? इसार घ्या. एक्सजे२२० १९८८मध्ये व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद अशी दाखवली होती, इसार होता ५०,००० पौंड. १९९२मध्ये गाडी आली ती व्ही६ घेऊन, मागच्या दोनच चाकांवर. तोवर बाजार पडला होता आणि गिऱ्हाइकं कोर्टात. गाड्या झाल्या पावणेतीनशेच्या आसपास. तुम्हाला मात्र सोय आहे. बिल्डरला ग्राहकाच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, गाडीवाल्याला रेरा नाही. मुंबईचं गिऱ्हाईक ताब्यासाठी सात-आठ वर्षं थांबायला तयार असतंच. दर दिवाळीला ‘फिनिशिंग चालू आहे’ असा मेसेज आणि मिठाई पाठवा.

पहिली गाडी गिऱ्हाइकाला दिलीत की नंबर प्लेट बघा. महाराष्ट्राने एकरकमी कराची कमाल मर्यादा २०२५मध्ये २० लाखांवरून ३० लाख केली, त्यामुळे तुमची ‘आपली मराठी सुपरकार’ कर वाचवायला जेएच प्लेट लावून झारखंडची रहिवासी झालेली असेल.

सात गाड्या खपल्यावर थांबेल सगळं. उरलेल्या बॉड्यांतली एक बिनइंजिनाची गाळ्यातच ठेवा, पॉलिश करून. प्री-वेडिंग शूटवाले तासाच्या दराने घेतात. धुराचं मशीन आणि ड्रोन त्यांचं असतं. दरवाजा वर उघडत असेल तर दर थोडा जास्त सांगा, ढकलायला दोन माणसं लागणार असतील तर त्यांचे वेगळे, आणि जून ते सप्टेंबर बुकिंग घेऊ नका. डाव्या कोपऱ्यातून नवरीच्या शालूवर पाणी येतं.