काकांचा सिंह

माझ्या पैशानं कोरलेल्या सिंहानं कुठं बघायचं, हे ठरवायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तो एका मोडक्या खुर्चीच्या मालकाकडे होता. हे मला काल कळलं आणि अजून डोक्यातून उतरलेलं नाही.

हौस साधी होती. भिंतीवर लावायला एक लाकडी कुलचिन्ह हवं होतं. युरोपातल्या सरदारांचं असतं तसं, ढाल आणि तिच्यावर सिंह, सगळं हातानं कोरून रंगवलेलं. आता आमच्या घराण्यात कुणी तलवार उपसल्याची नोंद नाही. पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. म्हणून निळी ढाल, तिच्यावर मागच्या पायांवर उभा सोनेरी सिंह आणि त्याच्या पंजात पांढरा बोरू, असं मी ठरवलं. लंडनमध्ये या कामासाठी १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे. तिथं रीतसर मंजुरी घ्यावी लागते आणि मिळालेलं चिन्ह त्या माणसाचं आणि त्याच्या वंशाचं असतं, त्या आडनावाच्या यच्चयावत लोकांचं नव्हे. (म्हणजे नुसतं आडनाव विचारून ‘तुमच्या घराण्याची ढाल’ विकणारे सगळे थापाडे.) आपल्याकडे विचारायलाच कुणी नाही. मला वाटलं, बरंच झालं, कुणाची लुडबुड नाही.

मिस्त्रींच्या हातात कला आहे, ते मी नाकारत नाही. त्यांनी आधी “अशोकस्तंभ घ्या की, नमुना तयार आहे,” असं सुचवून पाहिलं. राजचिन्ह असं घरी टांगायला २००५ चा कायदा आड येतो म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे माझं चित्र हातात घेतलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“हा आजारी आहे का?”

काका खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आले होते आणि त्याच खुर्चीवर, तिच्या उरलेल्या तीन पायांवर, बसले होते. चौथ्याच्या जागी विटा. खुर्ची कधीच दुरुस्त होणार नव्हती, कारण काका तिच्यावरून उठतच नव्हते.

“कोण आजारी?”

“सिंह. जीभ बाहेर काढलीय, हातात पट्टी. डॉक्टरकडं घसा दाखवायला आल्यासारखा दिसतोय.”

“काका, तो बोरू आहे.”

“मग लिहीत का नाही?”

मी समजावलं की ढालीवरच्या सिंहाची जीभ बाहेरच असते, जीभ आणि नखं लाल दाखवायची पद्धत आहे, शेकडो वर्षं असंच चालत आलंय. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, “लाल जीभ म्हणजे ताप असणार.”

मिस्त्री हसले. तिथंच माझा सिंह हातचा गेला.

मग रंग. काकांना निळ्यावर लाल सिंह हवा होता, “उठून दिसतो.” मी म्हटलं, नाही दिसत. या कुलचिन्हांच्या शास्त्रात सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू; लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. लांबून रणांगणावर ओळखू यायला हवं, म्हणून हा नियम. काकांनी विचारलं, “कुणीच मोडला नाही का?” खोटं कशाला बोलू? म्हटलं, जेरुसलेमच्या राज्याच्या चिन्हात चांदीवर सोन्याचे क्रूस होते. “बघा!” काका मिस्त्रींना म्हणाले, “मोठ्या लोकांना चालतं.”

तेव्हापासून मी सत्य बोलणं कमी केलं.

लाकडावरूनही वाद झाला. काकांचा आग्रह सागवानाचा. आता जे लाकूड संपूर्ण रंगाखाली झाकायचंय त्याला सागवान कशाला? सागाच्या तेलकटपणामुळे रंग नीट धरत नाही, आणि त्यातल्या सिलिकानं, म्हणजे वाळूसारख्या कणांनी, पटाश्यांची धार जाते. इंग्लंडच्या ग्रिनलिंग गिबन्सनं सतराव्या शतकात फुलं-पानं कोरून कोरून जग थक्क केलं ते लिंडनच्या मऊ लाकडात. आपल्याला शिवण चालेल, असं मी म्हटलं. इथं मात्र मिस्त्री माझ्या बाजूनं उभे राहिले. काका म्हणाले, “करा शिवणीत. वाकलं तर मला सांगू नका.”

मी त्यावर मिस्त्रींना बजावलं की मागच्या बाजूलाही रंगाचा हात मारा. पुढं रंगाचे थर आणि मागं कोरं लाकूड असलं की दमट हवेत मागची बाजू पाणी पिते, पुढची पीत नाही, आणि फळी वाकते. “मागं कोण बघतंय?” काका म्हणाले. मागची बाजू कोरी आली आहे. पावसाळ्यात फळी वाकेल, आणि काका मला तेव्हाही सांगू नका म्हणतील.

इथं दिल्लीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी आपल्या संस्थानिकांना विलायती पद्धतीची कुलचिन्हं तयार करून देण्यात आली. ती रचली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी अधिकाऱ्यानं. व्हाइसरॉय लिटननं ती ध्वजांवर भरून वाटली. ध्वज इतके जड झाले की एकेक उचलायला दोन धिप्पाड हायलंडर, म्हणजे स्कॉटिश, सैनिक लागत, असं ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्सनं लिहून ठेवलंय. म्हणजे चिन्ह एकाचं आणि ठरवणारा तिसराच, ही पद्धत काकांची नव्हे. पण त्या तिसऱ्याला निदान पगार तरी होता.

वर्खाच्या दिवशी मी मुद्दाम जातीनं हजर राहिलो. खडू आणि सरसाचे थर देऊन, घासून, सिंह गुळगुळीत केलेला. पितळी वर्ख काळा पडतो म्हणून मी खऱ्या सोन्याचा आणला होता. हे पान किती पातळ? असली सुमारे दहा हजार रचली तर एक मिलिमीटर होईल. श्वासानं उडतं. मिस्त्रींनी नाकाला रुमाल बांधला, मी दार लावलं, आणि काका म्हणाले, “काय उकडतंय हो,” आणि पंखा लावला.

एक पान सिंहाच्या आयाळीवर न बसता सरळ काकांच्या मिशीवर बसलं. दुसरं कानावर. मिस्त्रींनी ओरडून बटण बंद केलं तोवर काकांचा डावा गाल मंदिराच्या कळसासारखा झाला होता. वर्ख झटकला की त्याचा भुगा होतो, त्यामुळे काही वाचण्यासारखं नव्हतं. काका तसेच बाहेर गेले, रस्त्यावर दोघांनी त्यांना नमस्कार केला, आणि ते परत येऊन बसले.

काल ढाल ताब्यात घेतली. सिंहाचं तोंड बंद. जीभ नाही. आणि तो उजवीकडे बघतोय. ढाल डाव्या हातात धरली की बघणाऱ्याच्या डावीकडची कड पुढं राहते, म्हणून ढालीवरचा प्राणी डावीकडे तोंड करून असतो, शत्रूकडे. आमचा मागं वळलाय. बोरू घेऊन पळतोय. घराण्याचा इतिहास पाहता चित्रण चुकलंय असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मी हे सांगितलं नव्हतं.

“काका म्हणाले, उजवी दिशा शुभ,” मिस्त्री म्हणाले.

“माझं चित्र होतं ना तुमच्याकडे?”

“होतं की. काका त्यावरच बसले होते.”

मग बिल. शेवटची ओळ: ‘जीभ आत घेणे, जादा मजुरी.’ मी म्हटलं, जीभ मूळ कामात धरलेली होती, ती कोरलीच नाही तर उलट पैसे कमी व्हायला हवेत. मिस्त्री म्हणाले, ओठ जुळवायला जास्त वेळ लागतो. दोघं अडून बसलो. शेवटी मिस्त्रींनी काकांकडे पाहिलं. नाइलाजानं मीही पाहिलं.

काकांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “निम्मं-निम्मं करा.”

मी निम्मे दिले. मिशीवरच्या वर्खाचा विषय कुणी काढला नाही.