पहाटे तीनला सुचलं की सकाळी हातोडा

अचानक काही उमगलं तर पहिली गोष्ट, तपासू नका. तपासलं की मजा जाते.

जागा शक्यतो न्हाणीघर निवडा. आर्किमिडीजला तिथंच सुचलं म्हणतात. त्याचं बरोबर निघालं, हा तपशील सोडून द्या.

मग तडक सोसायटीच्या ग्रुपवर टाका. 'युरेका'ला आमच्याकडे 'प्लंबर पाठवतोय' म्हणतात.

आणि चेहऱ्यावर तेज हवं. यंदा जुलैत घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत खालच्या घराच्या छताला ओल आली. कमिटीतल्या एका काकांना पहाटे तीनला साक्षात्कार झाला, 'वरच्यांचा नहाणी ट्रॅप!' वरचे म्हणजे आम्ही, ट्रॅप म्हणजे न्हाणीघराच्या फरशीतला पाणी जायचा सापळा. काका इतके उजळले होते की प्लंबरचीही 'आधी बघू तरी' म्हणायची छाती झाली नाही. दोन दिवस कटर चालला. आईनं हट्टानं लावलेल्या फिक्या हिरव्या टाइल्स गोणीत भरून खाली गेल्या. तसल्या आता मिळतही नाहीत. ट्रॅप ठणठणीत. अहो, आम्ही चार माणसं बारा महिने आंघोळ करतो! मग ओल पाऊस लागला की येते आणि उघडीप पडली की सुकते, ती कशी? शेवटी झुल्यावरच्या रंगाऱ्याला बाहेरच्या भिंतीत भेग दिसली, बोट जाईल एवढी. काका म्हणाले, "मला वाटलंच होतं."

खगोलशास्त्रज्ञ केप्लर कमिटीत नव्हता म्हणून बरं. 19 जुलै 1595ला ग्रात्समध्ये शिकवता शिकवता त्यालाही लख्ख दिसलं: तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा, मग त्यांच्यामधल्या पाच जागांत पाच सुघटित घन (सगळे पृष्ठभाग एकसारखे असलेले ठोकळे) एकात एक बसवले की कक्षांची अंतरं निघतात. साफ चूक. मोह त्याचाही सुटला नाही, 1621मध्ये त्यानं ही कल्पना मांडणारं आपलं पुस्तक टिपा जोडून पुन्हा काढलं. पण मधल्या काळात टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदींवर वर्षानुवर्षं आकडे घासले आणि 1609मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं छापलं. कुणाची फरशी न फोडता.

आता सरळच बोलतो. 2020 साली प्रसिद्ध झालेला रुबेन लाउकोनेन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे. वाक्यातल्या एका शब्दाची अक्षरं उलटीपालटी करून दिली. शब्द सुटल्याचा लख्ख क्षण आला की लोकांना अख्खं वाक्यच जास्त खरं वाटायचं, खोटं असलं तरी! कोडं सुटल्याचा आनंद भलत्याच खात्यात जमा. काका, तुमच्या डोक्यात पेटलेला दिवा हा पुरावा नव्हता. बादलीभर पाण्यात नीळ कालवून नहाणीत ओतायची आणि दिवसभर खालच्या छताकडे बघायचं, एवढंच होतं. तेवढाही धीर नव्हता? आणि ग्रुपवर होकाराचे अंगठे टाकणाऱ्या मंडळींनो, पाऊस तुमच्याही खिडकीबाहेर पडत होता ना? एकानं तरी विचारायचं होतं. टाइल्सचं बिल नोटीस बोर्डावर लावलंय. ते फाडू नका.