खात्यातून कापले, तर खात्यातच परत टाका

आज दुपारी डिशच्या कंपनीचा मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. 'आपली जादा रक्कम आपल्या बॅलन्समध्ये जमा आहे.' बॅलन्समध्ये म्हणजे त्यांच्याच गल्ल्यात ना! बँकेतून कापले, तर बँकेतच परत टाका.

झालं असं. कापसाचा चुकारा आला तेव्हा मोठ्या बाबांनी गावातल्या दुकानातून टीव्हीचा वर्षाचा रिचार्ज एकदाच मारून घेतला. शेतकऱ्याच्या घरी असंच असतं, पैसा हंगामात येतो, तेव्हाच वर्षाचं उरकायचं. पण डिश बसवायला आलेल्या पोराने त्यांच्या फोनवर ऑटोपे, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू करून ठेवलं होतं. वर्षाचे भरलेले, आणि वरून दर महिन्याला २९९ कटतच राहिले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. म्हणजे महिन्याला एका गोणीहून जास्त!

कळलं केव्हा? दारव्ह्याला कृषी केंद्रात खताचे पैसे द्यायला फोन काढला, तर खात्यात पैसे कमी. चार लोकांसमोर त्यांनी गोणी परत ठेवायला सांगितली. या माणसाने जन्मात कोणाची उधारी बुडवली नाही हो.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. कळवतात ना, इंग्रजीत! मोठ्या बाबांच्या फोनमध्ये तो मेसेज आहे, एका बाजूला लोनची जाहिरात, दुसऱ्या बाजूला रमीची, मधात हा. सातवी शिकलेल्या माणसाने त्यातून काय ओळखायचं?

ऑटोपेने सोय होते, मान्य. टीव्ही मधातच बंद पडत नाही. पण कस्टमर केअरला फोन लावून पाहा. नवीन पॅकसाठी एक दाबा, रिचार्जसाठी दोन दाबा. पैसे परत मागायला बटणच नाही. शेवटी जी पोरगी बोलली तिच्यावर माझा राग नाही, तीही पोटासाठीच बसली आहे. राग आहे तो ही व्यवस्था विचार करून अशी बनवणाऱ्यांवर.

संध्याकाळी मोठ्या बाबांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, "जाऊ दे ना बाबू, आता काहून भांडतं? टीव्हीच पाहू अजून काही महिने." ऐकून गलबलून आलं. खताच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस वरून कंपनीलाच सांभाळून घेतो! याच 'जाऊ दे'वर यांचे धंदे चालतात.

मी जाऊ देणार नाही. ऑटोपे आधी बंद केलं. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाने ती यादी सापडते, तिथूनच रद्द होतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकली. तिथे मराठीतही बोलता येतं. त्याने नाही झालं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. दुकानाची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट फाइलला लावून ठेवलंय.

आपल्या तालुक्यात कोणाच्या घरी असंच कटत असेल तर पासबुक घेऊन या. तक्रार मी भरून देतो.