चिमणी तगडी म्हणून पाइप कसाही चालत नाही

फ्लॅटचं इंटिरियर सुरू झालं की व्हॉट्सॲपच्या गटांवर एक सल्ला हमखास येतो. शब्द बदलतात, आशय तोच: किचनची चिमणी असो, बाथरूमचा एक्झॉस्ट असो की डक्टवाला (छतातल्या पाइपांतून गार हवा सोडणारा) एसी, पैसे मशीनवर घाला, पाइप म्हणजे नुसता हवेचा रस्ता. सक्शन जोरदार असेल तर सहा इंची पाइप चार इंची केला तरी चालतो, वळणावळणाने न्यायला फ्लेक्सिबल पाइप उत्तम, तोंड इमारतीच्या शाफ्टमध्ये किंवा माळ्यावर सोडा, जोडांना टेप गुंडाळा, आणि इन्सुलेशन हे बर्फाळ देशांचं खूळ, आपल्याला त्याची गरज नाही. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो सगळ्यात महागात पडतो.

आधी सक्शन. खोक्यावर छापलेला १,२०० घनमीटर प्रतितास हा आकडा बहुतेक वेळा पंख्यापुढे फारसा अडथळा नसतानाचा असतो. सहा इंची गोल पाइपातून तेवढी हवा न्यायची तर ती ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावली पाहिजे. चार इंचीत हाच वेग दीडशेच्या घरात जातो. घरगुती पंख्यात तेवढा दम नसतो. मग आवाज वाढतो, हवा कमी जाते आणि फोडणीचा ठसका हॉलमध्ये येतो. तेवढीच हवा नेताना घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे सहाचे चार केले की व्यास एक तृतीयांशाने घटतो, पण अडथळा साडेसात पट होतो. बहुतेक ठिकाणी रिड्यूसर, म्हणजे मोठा पाइप लहान पाइपाला जोडणारा तुकडा, लागतो तो भिंतीत आधीपासून चार इंची भोक असतं म्हणून. त्यावर उपाय म्हणजे सहा इंची कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने भिंतीत गोल भोक पाडणं. ते बीममधून किंवा कॉलममधून मात्र कधीच करायचं नाही. तिथे बीम आडवा येत असेल तर चिमणीची जागा बदला.

फ्लेक्सिबल पाइपाबद्दल माझी तक्रार पाइपाशी कमी आणि तो बसवण्याच्या पद्धतीशी जास्त आहे. अंतर एक मीटर, पाइप तीन मीटरचा, उरलेला कापायचा कंटाळा. मग तो कॅबिनेटच्या वर कोंबला जातो. पूर्ण न ताणलेल्या पाइपात घड्या राहतात आणि अडथळा सहज दुप्पट-चौपट होतो. चिमणीच्या बाबतीत त्याच घड्यांत तेलाचा चिकटा साठतो, जो कोणाला पुसता येत नाही आणि पेट घेऊ शकतो. लांब अंतरासाठी आतून गुळगुळीत, पत्र्याचाच पाइप हवा. वळणं एक-दोन, तीही मोठ्या घेराची. ‘पीव्हीसी टाका, गंजत नाही’ असं सांगणारे भेटतील. गंजत नाही हे खरं, पण तेलकट पाइपाने पेट घेतला तर तोही जळतो आणि विषारी धूर सोडतो.

शाफ्टमध्ये तोंड सोडणं म्हणजे आपला धूर वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये पाठवणं. शाफ्ट अरुंद, वरून अर्धवट झाकलेला, त्यात चार-पाच घरांच्या चिमण्या. त्यातली एक चालू झाली की बंद चिमणीतून शेजाऱ्यांचं सुकट आपल्या ओट्यावर दरवळतं. पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत न्या आणि तोंडाला उलटी हवा अडवणारा फ्लॅप बसवा. चिमणीच्या तोंडाला डासांची बारीक जाळी लावू नका, ती काही महिन्यांत तेलाने बुजते. कबुतरं फ्लॅपनेही अडतात.

टेपबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्टचे जोड बंद करण्याची साधनं तापवून-गारवून तपासली. त्यात सपशेल हरली ती कापडी डक्ट टेप. जोड स्क्रूने पक्का करा आणि वर सीलंट किंवा ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा.

आता इन्सुलेशन. चिमणीच्या पाइपाला आपल्याकडे ते लागत नाही, हे मान्य. आत गरम हवा, बाहेरही उबदार. पण डक्टवाल्या एसीतून येणारी हवा तेरा ते पंधरा अंशांची असते. जूनमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी सुटणार. उघडा पत्रा फॉल्स सीलिंगच्या आत घामेजतो, पीओपीवर पिवळे डाग पडतात आणि रहिवासी वरच्या फ्लॅटशी गळतीवरून भांडतात. म्हणून कोकणपट्टीत एसी डक्टला इन्सुलेशन अटळ आहे, आणि ते नुसतं गुंडाळून भागत नाही. दमट हवा बाहेरच्या बाजूला आहे, तेव्हा वाफ अडवणारा थरही बाहेरूनच अखंड हवा. ग्लासवूल म्हणजे काचतंतूंची गादी, तिच्यावरची फॉइल एका जागी फाटली तरी वाफ आत शिरून पत्र्यावर पाणी होते, आणि ओलं ग्लासवूल काही रोखत नाही. त्यामानाने नायट्राइल रबर (फोमसारखं मऊ इन्सुलेशन) सोयीचं, पण त्याचेही सांधे चिकटवलेले हवेत. डक्ट टांगायच्या पट्ट्या जिथे रबर दाबतात, तिथूनच पहिले थेंब पडतात.

टोरांटो किंवा मिनियापोलिसला राहणाऱ्या मराठी घरांत हीच गोष्ट उलटी होते. बाथरूमच्या एक्झॉस्टचा पाइप गार माळ्यावरून जातो, अंघोळीची वाफ पाइपाच्या आत थिजते आणि पाणी पंख्यातून खाली ठिबकतं. घरमालक छप्पर गळतंय म्हणून माणूस बोलावतो. तिथे पाइपाला इन्सुलेशन हवं, बाहेरच्या दिशेने उतार हवा, आणि तोंड माळ्यावर नव्हे तर छपराबाहेर हवं. नाहीतर छपराच्या लाकडाला बुरशी धरते. उष्णता वाचवणारं व्हेंटिलेशन मशीन असेल तर बाहेरची गार हवा आणणारा पाइप उबदार घरातून जातो. त्याला वाफरोधक थर बाहेरूनच लागतो, थेट रत्नागिरीच्या एसीसारखा.

एक गोष्ट तो मेसेज बोलतच नाही: बाहेर काढलेल्या हवेच्या जागी हवा येते कुठून? खिडक्या घट्ट बंद करून जोरदार चिमणी लावली तर घरात कमी दाब होतो आणि हवा मिळेल त्या फटीतून ओढली जाते. ती फट गॅस गीझरच्या धुराच्या पाइपाची असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, ज्याला वास नसतो. चिमणी चालू असताना किचनची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा, चिमणीचं मॉडेल नंतर ठरवा.